ज्युबिली तलाव, पेन्झान्स

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉल परगण्यात, पेन्झान्स या बंदरगावी समुद्रकिनारी असलेला खाऱ्या पाण्याचा ऐतिहासिक खुला जलतरण तलाव. राजा पाचवा जॉर्ज याच्या कारकीर्दीच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, ३१ मे १९३५ रोजी, तो लोकांसाठी खुला झाला व त्यावरूनच त्यास ‘ज्युबिली’ हे नाव पडले. नगर अभियंता कॅप्टन फ्रँक लेथम यांनी त्याचा आराखडा केला. त्रिकोणी विधान, वक्र भिंती व पांढरा-निळा रंग यांमुळे तो आर्ट डेको शैलीतील सागरतटीय वास्तूंचा उत्कृष्ट नमुना मानला जातो. ब्रिटनमध्ये शिल्लक राहिलेल्या समुद्रजलाच्या खुल्या तलावांत तो सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. दोनदा मोडकळीस येऊन दोनदा उभा राहिलेला हा तलाव सार्वजनिक वास्तूंच्या जतनाचे प्रश्न समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहे.

स्थान : पेन्झान्स हे मौंट्स बे या उपसागरावर वसले असून त्याच्या कॉर्निश भाषेतील मूळ नावाचा अर्थ ‘पवित्र भूशिर’ असा होतो. उपसागरात पूर्वेकडे सेंट मायकेल्स मौंट हे गढीवजा बेट दिसते, तर पश्चिमेस न्यूलिन हे मासेमारीचे बंदर आहे. बंदराचा धक्का व किनाऱ्यालगतचा फेरफटक्याचा रस्ता यांच्या दरम्यान खडकाचा एक सुळका समुद्रात घुसलेला आहे. अठराव्या शतकात बंदराच्या रक्षणासाठी तेथे तोफा ठेवण्यात आल्या होत्या. त्यावरून या खडकांस ‘बॅटरी रॉक्स’ म्हणजे तोफखान्याचे खडक असे म्हणतात. या खडकांवरून समुद्रात उतरून पोहण्याची गावकऱ्यांची रीत तलावाच्या आधीपासूनची आहे. तलाव याच खडकावर बांधलेला असून त्याच्या शेजारी पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्यांचे स्मारक आहे.

पार्श्वभूमी : समुद्रस्नान आरोग्यास हितकर असते, ही कल्पना इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये गाठींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ब्रायटन येथे रोग्यांची रीघ लागली. आरंभी हा उपचार धनिकांपुरता मर्यादित होता. लोहमार्गांनी तो मध्यमवर्गाच्या व पुढे कामगारांच्या आवाक्यात आणला. पेन्झान्स येथे किनाऱ्यालगतचा फेरफटक्याचा रस्ता १८४४ मध्ये तयार झाला. १८५२ मध्ये गावाला कॉर्नवॉलमधील लोहमार्ग मिळाला आणि १८५९ मध्ये टेमार नदीवरील पूल पूर्ण झाल्यानंतर कॉर्नवॉलचा उर्वरित इंग्लंडशी रेल्वेने संबंध जोडला गेला. १९०४ पासून ‘कॉर्निश रिव्हिएरा एक्सप्रेस’ ही जलद गाडी लंडनचे प्रवासी थेट पेन्झान्सला आणू लागली. कथील व तांब्याच्या खाणींचा धंदा खालावत असताना कॉर्नवॉलच्या अर्थव्यवहारात पर्यटनाचे महत्त्व वाढत गेले ते याच काळात.

‘लिडो’ चळवळ : इंग्लंडमध्ये खुल्या जलतरण तलावास ‘लिडो’ असे म्हणतात. समुद्रकिनारा या अर्थाच्या इटालियन शब्दापासून हे नाव आले असून व्हेनिसजवळील लिडो या बेटावरील प्रसिद्ध स्नानतटामुळे ते युरोपभर परिचित झाले. खुले सार्वजनिक तलाव इंग्लंडमध्ये त्याही आधी होते. बाथ येथील एव्हन नदीकाठचे क्लीव्हलँड पूल्स १८१५ मधील, तर दक्षिण लंडनमधील टूटिंग बेक तलाव १९०६ मधील आहे. परंतु दोन महायुद्धांच्या दरम्यान, विशेषतः १९३० ते १९३९ या दशकात, असे तलाव बांधण्याची जणू लाटच आली. या अवधीत ब्रिटनभर नगरपालिकांनी शंभराहून अधिक तलाव बांधले.

या लाटेमागे अनेक कारणे एकवटली होती. पहिले कारण वैद्यकीय. नील्स फिन्सेन या डॅनिश वैद्यास त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले; त्याच वर्षी ऑग्यूस्त रॉल्ये यांनी स्वित्झर्लंडमधील लेझां येथे क्षयरोग्यांवर सूर्यप्रकाशाचे उपचार सुरू केले. धुराने काळवंडलेल्या औद्योगिक शहरांतील मुलांना ऊन व मोकळी हवा मिळाली पाहिजे, हा विचार त्यातून बळावला. म्हणून या काळातील तलावांत पोहण्याच्या जागेइतकेच महत्त्व ऊन खात बसण्याच्या सज्जांना दिलेले आढळते. दुसरे कारण सामाजिक. पूर्वी स्त्रिया व पुरुष यांच्या स्नानाच्या वेळा वा जागा वेगळ्या असत. नव्या तलावांत सर्व कुटुंब एकत्र येऊ लागले. मजूर पक्षाचे मंत्री जॉर्ज लान्सबरी यांनी १९३० मध्ये लंडनच्या हाइड पार्कमधील सर्पेंटाइन तळ्यावर लिडो सुरू केला तो याच भूमिकेतून. तिसरे कारण आर्थिक होते. जागतिक मंदीच्या काळात ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांच्या जवळपास गेली होती आणि बेकारांना काम देणारी सार्वजनिक बांधकामे हाती घेणे नगरपालिकांना आवश्यक वाटत होते. यांशिवाय किनाऱ्यावरील गावांमध्ये प्रवासी खेचण्याची चढाओढ होती, ती वेगळीच. प्लिमथ येथील टिनसाइड लिडो आणि पेन्झान्सचा ज्युबिली तलाव हे दोन्ही १९३५ या एकाच वर्षातील असावेत, हा निव्वळ योगायोग नव्हे.

रचना : समुद्रात तलाव बांधणाऱ्यापुढे दोन परस्परविरोधी गरजा असतात. पोहणाऱ्यास शांत पाणी हवे असते आणि त्यासाठी भक्कम भिंत लागते; परंतु भिंत जितकी उभी व सरळ, तितका लाटेचा आघात तिच्यावर प्रखर होतो. उभ्या भिंतीवर आदळलेली लाट परत फिरते व पाठीमागून येणाऱ्या लाटेशी मिळून पाण्याची उंची वाढविते. भेगांमध्ये कोंडलेली हवा क्षणार्धात दाबली जाऊन पाचरीसारखे काम करते. बांधकामाखाली पोकळी असल्यास तीत शिरलेले पाणी फरसबंदीला खालून वर उचलते. अशा आघातांनी दगड वा काँक्रीट एकाएकी फुटते असे नाही. वर्षानुवर्षे ते सैल होत जाते व एखाद्या वादळात निखळते.

लेथम हे अनेक वर्षे पेन्झान्सचे नगर अभियंता होते व रस्ते आणि सागरी संरक्षक बांधकामे हा त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय होता. या विषयावर त्यांनी ग्रंथही लिहिला होता. हा अनुभव ज्युबिली तलावाच्या आकारात उतरलेला दिसतो. तलावाचे विधान त्रिकोणी असून त्याच्या भिंती वळणदार आहेत. लाटेचा जोर एका जागी एकवटू नये, तो भिंतीच्या वळणाबरोबर विभागला जावा, असा त्यामागील हेतू. पाण्यावर उतरणाऱ्या सागरपक्ष्याच्या आकृतीवरून हा आकार सुचला, अशी आख्यायिका गावात सांगतात. ती खरी असो वा नसो, खडकाच्या नैसर्गिक ठेवणीला अनुसरून व समुद्राच्या दिशा ओळखून हा आकार ठरविला गेला, यात शंका नाही.

मुख्य तलावाच्या भोवती ऊन खाण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचे सज्जे असून मुलांसाठी एक लहान तलाव स्वतंत्र राखलेला आहे. कपडे बदलण्याच्या खोल्या भिंतीच्या आडोशाला ओळीने बसविल्या आहेत. उंच बाहेरची भिंत वारा अडविते. त्यामुळे किनाऱ्यावर थंड वारा वाहत असतानाही आत ऊब जाणवते. अलंकरण जवळजवळ नाही. पांढऱ्या रंगाचे सलग पृष्ठभाग, निळ्या रंगाच्या कडा, वक्र आणि सरळ रेषांची सममित मांडणी एवढ्यावरच सौंदर्य साधले आहे. आगबोटी, विमाने व मोटारी यांच्या वेगवान आकारांचे जे आकर्षण त्या काळच्या वास्तुकलेत होते, त्याची छाया येथे स्पष्ट दिसते. मात्र या वास्तूचा कर्ता नामवंत वास्तुकार नव्हता, तर नगरपालिकेचा नोकर असलेला अभियंता होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या काळातील बरेचसे लिडो अशाच नगर अभियंत्यांच्या हातचे आहेत.

तलावात समुद्राचेच पाणी घेतले जाते. या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या भरतीचा व ओहोटीचा फरक पाच मीटरांच्या जवळपास असतो. ओहोटीच्या वेळी आजूबाजूचे खडक उघडे पडतात व समुद्र दूर सरतो. तलावात मात्र पोहण्याजोगे पाणी कायम राहते, हा अशा तलावाचा मुख्य लाभ होय. पाणी अर्थातच समुद्राइतकेच थंड असते. ऐन उन्हाळ्यातही त्याचे तापमान १७° से.च्या फारसे वर जात नाही. त्यामुळे तलावाचा हंगाम मे ते सप्टेंबर एवढाच मर्यादित असे आणि वर्षाचे उरलेले महिने वास्तू रिकामी राही. पुढील आर्थिक अडचणींचे मूळ बऱ्याच अंशी येथेच होते.

ऱ्हास : दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे खुल्या तलावांची भरभराट टिकली. १९६० नंतर मात्र चित्र पालटले. स्वस्त विमानप्रवासामुळे इंग्रज कुटुंबे सुट्टीसाठी स्पेनच्या उबदार किनाऱ्यांकडे वळली. नगरपालिकांनी वर्षभर चालणारे, तापविलेल्या पाण्याचे बंदिस्त तलाव बांधण्यास प्राधान्य दिले. स्वच्छता व सुरक्षितता यांविषयीचे नियम कडक झाले आणि खर्च वाढला. १९७४ मध्ये स्थानिक शासनाची पुनर्रचना होऊन पेन्झान्सची जुनी नगरपालिका पेनविथ या मोठ्या जिल्हा परिषदेत विलीन झाली. गावाने स्वतःसाठी बांधलेली वास्तू अशा रीतीने दूरच्या कार्यालयाच्या अंदाजपत्रकातील एक तोट्याची बाब बनली. देशभर हेच घडत होते.

निसर्गानेही आपला वाटा उचलला. ७ मार्च १९६२ रोजी आलेल्या वादळाने पेन्झान्स व न्यूलिन यांच्या किनाऱ्याची प्रचंड हानी केली. किनाऱ्यालगतचा रस्ता उखडला गेला व घरांत पाणी शिरले. अशी वादळे सोडली, तरी खारी हवा व लाटांचे तुषार काँक्रीटला नित्य पोखरत असतात. मिठातील क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपून आतील पोलादी सळ्यांपर्यंत पोहोचले की त्या गंजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने काँक्रीट आतून फुटते व त्याच्या खपल्या पडतात. दर हंगामाआधी रंगरंगोटी व डागडुजी केली तरच अशी वास्तू टिकते. ती थांबली की ऱ्हासाचा वेग झपाट्याने वाढतो व दुरुस्तीचा खर्च आवाक्याबाहेर गेल्याचे कारण बंद करण्यासाठी आयते मिळते.

या काळात नामशेष झालेल्या तलावांची यादी मोठी आहे. मोरकॅम येथील १९३६ मधील विशाल तलाव १९७६ मध्ये पाडण्यात आला. ब्लॅकपूलचा १९२३ मधील भव्य तलाव १९८० नंतरच्या दशकात जमीनदोस्त झाला. स्कारबरोचा १९१५ मधील साउथ बे तलाव १९८९ मध्ये बंद पडला व पुढे बुजविण्यात आला. प्लिमथचा टिनसाइड १९९२ मध्ये बंद झाला. ज्युबिली तलावाचीही वाटचाल याच दिशेने चालली होती.

पहिला जीर्णोद्धार : १९९० नंतर ज्युबिली तलावाची अवस्था चिंताजनक झाली, तेव्हा पेन्झान्सच्या रहिवाशांनी तो वाचविण्यासाठी संघटित प्रयत्न सुरू केले. जॉन क्लार्क या निवृत्त वास्तुकारांनी त्यांत पुढाकार घेतला. तलावाचे वास्तुशास्त्रीय महत्त्व पटवून देणे, हे या प्रयत्नांचे प्रमुख अंग होते. तोवर पोहण्याचा तलाव ही जतन करण्याजोगी ऐतिहासिक वास्तू असू शकते, हा विचार फारसा रुजलेला नव्हता. राजवाडे, चर्च वा किल्ले यांच्याविषयी जी आस्था असे, ती १९३० नंतरच्या काँक्रीटच्या बांधकामांना लाभत नसे.

इंग्लंडमध्ये महत्त्वाच्या वास्तूंची एक कायदेशीर सूची ठेवली जाते. तीत श्रेणी एक, श्रेणी दोन-तारांकित व श्रेणी दोन असे तीन वर्ग असून सूचीतील वास्तू परवानगीवाचून पाडता अगर बदलता येत नाही. १९९३ मध्ये ज्युबिली तलावाचा समावेश श्रेणी दोनमध्ये करण्यात आला. त्यामुळे तो पाडण्याची शक्यता जवळजवळ संपली आणि दुरुस्तीसाठी अनुदान मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. दुरुस्ती होऊन १९९४ मध्ये तलाव पुन्हा सुरू झाला. सूचीत नाव येण्याने वास्तूला संरक्षण मिळते, परंतु ती चालविण्यासाठी पैसा मिळत नाही, हा धडा मात्र पुढील वीस वर्षांत मिळाला.

२०१४ चे वादळ व दुसरा जीर्णोद्धार : २०१३-१४ च्या हिवाळ्यात ब्रिटनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर अटलांटिक महासागरातून एकामागून एक वादळे आली. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेव्हन परगण्यातील डॉलिश येथे लोहमार्गाखालील बांध वाहून गेला व पेन्झान्सकडे जाणारी रेल्वे काही आठवडे खंडित झाली. याच वादळांत ज्युबिली तलावाच्या पायाची, भिंतींची व सज्जांची गंभीर हानी झाली. २०१४ व २०१५ असे दोन उन्हाळे तलाव बंद राहिला.

पेनविथ जिल्हा परिषद २००९ मध्ये विसर्जित होऊन तिचे अधिकार संपूर्ण परगण्याच्या कॉर्नवॉल परिषदेकडे गेले होते. दुरुस्तीचा खर्च ३० लाख पौंडांच्या घरात गेला व तो परिषद आणि किनारी वस्त्यांच्या विकासासाठी असलेला केंद्र शासनाचा निधी यांतून प्रामुख्याने भागविण्यात आला. या कामात केवळ भेगा बुजवून भागणार नव्हते. तलावाचे बांधकाम खालच्या मूळ खडकाशी अधिक घट्ट जखडणे आवश्यक होते, कारण समुद्राने ते खालून पोखरले होते. त्याच वेळी मूळ आकार, कडा व रंगसंगती यांस धक्का लागू नये, ही सूचीबद्ध वास्तूची अटही पाळावयाची होती. मे २०१६ मध्ये तलाव पुन्हा खुला झाला.

व्यवस्थापनातील बदल : तलाव दुरुस्त झाला, तरी तो चालवावयाचा कोणी व कशाच्या बळावर, हा प्रश्न उरला होता. २०१७ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ ज्युबिली पूल’ या स्थानिक मंडळातून उभ्या राहिलेल्या लोकहित संस्थेने तलावाची व्यवस्था परिषदेकडून आपल्याकडे घेतली. अशा संस्था ब्रिटनमध्ये सहकार व लोकहित संस्थांविषयीच्या कायद्यानुसार नोंदविल्या जातात. भागधारकाने कितीही भाग घेतले, तरी त्यास एकच मत असते. नफा वाटून न घेता लोकोपयोगी कार्यासाठीच वापरावा लागतो. संस्थेने भागविक्रीतून पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम जमविली व भागधारकांची संख्या हजारावर गेली. १९३५ मध्ये नगरपालिकेने करदात्यांच्या पैशातून बांधलेली वास्तू, आठ दशकांनंतर, तिचा वापर करणाऱ्या लोकांनी स्वखुशीने दिलेल्या भांडवलावर उभी राहिली. ही व्यवस्था आदर्श म्हणून वाखाणली गेली. तथापि सार्वजनिक सेवेची जबाबदारी शासनाच्या खांद्यावरून हौशी नागरिकांच्या खांद्यावर सरकविण्याचाच हा एक प्रकार होय, अशी टीकाही अशा हस्तांतरणांवर केली जाते. गावात पुढाकार घेणारी व भांडवल देऊ शकणारी माणसे असतील तेथेच वास्तू वाचते, हा या टीकेतील मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भूऔष्णिक ऊर्जेचा वापर : अल्प हंगाम ही तलावाची जुनी उणीव दूर करण्यासाठी संस्थेने पाण्याचा काही भाग भूगर्भातील उष्णतेने तापविण्याची योजना हाती घेतली. कॉर्नवॉल हा प्रदेश यास विशेष अनुकूल आहे. त्याच्या भूपृष्ठाखाली ग्रॅनाइटचा विस्तीर्ण साठा असून त्यातील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून सतत उष्णता निर्माण होते. साहजिकच खोलीबरोबर तापमान वाढण्याचा वेग येथे ब्रिटनच्या इतर भागांहून अधिक आहे. १९७७ पासून पेनरिनजवळील रोझमनावेस येथील खाणीत तप्त खडकांतील उष्णतेविषयी प्रयोग झाले होते आणि २०१८-१९ मध्ये रेड्रुथजवळ युनायटेड डाउन्स येथे पाच किमी.पेक्षा अधिक खोल विहीर खणण्यात आली.

पेन्झान्सची विहीर त्या मानाने उथळ, सु. ४१० मी. खोल आहे. तलावाशेजारीच ती खणण्यात आली व खर्चाचा मोठा भाग यूरोपीय प्रादेशिक विकास निधीतून मिळाला. विहिरीतील कोमट पाणी वर आणून त्यातील उष्णता विनिमयकाच्या साहाय्याने काढून घेतली जाते व उष्णता पंपांच्या योगे तिचे तापमान वाढवून ती तलावाच्या पाण्यास दिली जाते. उष्णता पंपाचे कार्य प्रशीतकासारखेच, पण उलट हेतूने चालते. त्यास वीज लागते. परंतु पाणी थेट विजेने तापविण्यास लागली असती त्याच्या काही अंशानेच काम भागते. मुख्य तलावाचा एक भाग भिंतीने वेगळा करून त्यातील पाणी ३०° ते ३५° से. तापमानाचे ठेवण्याची योजना होती. हा उबदार विभाग सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाला. भूऔष्णिक उष्णतेवर चालणारा ब्रिटनमधील हा पहिलाच लिडो होय. त्याच सुमारास उपाहारगृह व सभांसाठी जागा यांचीही वाढ करण्यात आली. मुख्य तलावाचे थंड पाणी मात्र तसेच ठेवलेले आहे. उन्हाळ्यापुरती असलेली ही वास्तू हिवाळ्यातही वापरात येऊ लागली, हा या योजनेचा सर्वांत महत्त्वाचा परिणाम होय.

जतनाच्या दृष्टीने येथे एक तात्त्विक प्रश्न उपस्थित होतो. ऐतिहासिक वास्तूमध्ये मूळ नकाशात नसलेली भिंत व यंत्रसामग्री घालणे योग्य ठरते काय? एका मतानुसार वास्तू जशी होती तशीच राखली पाहिजे. दुसऱ्या मतानुसार उपयोगासाठी बांधलेली वास्तू उपयोगात राहिली, तरच तिचे जतन झाले असे म्हणता येते. रिकामा तलाव कितीही हुबेहूब राखला, तरी तो केवळ खड्डाच होय. पेन्झान्स येथे दुसरे मत स्वीकारले गेले. मात्र फेरफार करताना बाहेरील आकृती, सज्जे व समुद्राकडील दृश्य यांना बाधा येणार नाही, याची काळजी घेण्यात आली.

इतर जीर्णोद्धार : ज्युबिली तलावाच्या अनुभवास समांतर अशी काही उदाहरणे आहेत. टिनसाइडला १९९८ मध्ये श्रेणी दोन मिळाली व २००५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. ब्रायटनजवळील सॉल्टडीन लिडो हा आर. डब्ल्यू. एच. जोन्स यांनी रचलेला १९३८ मधील तलाव श्रेणी दोन-तारांकित असून त्याच्या जागी सदनिका बांधण्याचा घाट स्थानिक लोकांनी हाणून पाडला. २०१७ मध्ये तेथे पोहणे पुन्हा सुरू झाले. बाथचे क्लीव्हलँड पूल्स सु. चार दशके बंद राहून दीर्घ प्रयत्नांनंतर सप्टेंबर २०२३ मध्ये खुले झाले. परंतु जानेवारी २०२४ मधील एव्हन नदीच्या पुराने त्याच्या यंत्रसामग्रीची हानी होऊन ते पुन्हा बंद करावे लागले. पाण्याच्या काठावरील वास्तूचा जीर्णोद्धार एकदा करून संपत नाही, हे या शेवटच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते.

भवितव्य : ज्युबिली तलावापुढील सर्वांत मोठे आव्हान समुद्राचेच आहे. योगायोग असा की, समुद्रपातळीच्या अभ्यासातील एक महत्त्वाचे ठिकाण तलावापासून जवळच, न्यूलिन बंदराच्या धक्क्यावर आहे. तेथील भरतीमापन केंद्राने १९१५–२१ या अवधीत केलेल्या नोंदींवरून ठरविलेली समुद्राची सरासरी पातळी ही ग्रेट ब्रिटनच्या भूमीवरील उंचीच्या मोजमापांचा शून्यबिंदू मानण्यात आली. त्याच केंद्राच्या नोंदींनुसार तेव्हापासून समुद्राची पातळी वर्षाला सरासरी दोन मिमी.च्या आसपास या गतीने चढत आली आहे. ही वाढ अल्प भासली, तरी भरती व वादळ एकत्र आल्यास भिंतीवरून येणाऱ्या पाण्याचे प्रमाण त्यामुळे लक्षणीय वाढते. १९३५ मध्ये लेथम यांनी जी उंची पुरेशी धरली, ती आगामी काळात पुरेशी ठरेल असे गृहीत धरता येत नाही. भिंत उंचावली, तर वास्तूचे प्रमाण व समुद्राचे दृश्य बिघडते; न उंचावली, तर दुरुस्तीचा खर्च पुनःपुन्हा सोसावा लागतो. या दोहोंतून मार्ग काढणे हे येथील व्यवस्थापकांपुढील पुढचे काम आहे.

महत्त्व : ज्युबिली तलावात कोणतीही राजकीय घटना घडली नाही, की कोणा थोर पुरुषाचा तेथे निवास नव्हता. सामान्य माणसाला ऊन, मोकळी हवा व पाणी यांचा लाभ अल्प दरात मिळावा आणि त्यासाठी गावाने उत्तम दर्जाची वास्तू बांधावी, ही ज्या पिढीची धारणा होती तिचे ते एक मूर्त स्मारक आहे. त्याच्या इतिहासात नगरपालिका, जिल्हा परिषद, परगण्याची परिषद व लोकहित संस्था असे चार चालक होऊन गेले. चौघांच्याही काळात भिंतींची नित्य डागडुजी जोवर झाली तोवर तलाव टिकला आणि ती थांबली तेव्हा तो धोक्यात आला. सार्वजनिक वास्तूंच्या जतनात भव्य जीर्णोद्धारापेक्षा दरवर्षीच्या देखभालीचे महत्त्व अधिक असते, हेच या वास्तूच्या इतिहासावरून दिसून येते.